चिक्कीवरचा एक सेंट

एक लाख डॉलरच्या बातमीचं नवल आता ओसरलं आहे. १९ सप्टेंबर २०२५ ला, शुक्रवारी, ट्रम्प यांनी एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर ते शुल्क लावलं. त्यानंतर चॅनेलांवर जी काथ्याकूट झाली ती सगळ्यांनी पाहिली आहे. ती इथे पुन्हा नको. त्याच आठवड्यात, मंगळवारी, जावा या प्रोग्रामिंग भाषेची २५ वी आवृत्ती बाहेर पडली आणि महिनाअखेरीस, ३० तारखेला, तिच्या टेस्टचं साधन जेयुनिट ६. या काही पहिल्या पानाच्या बातम्या नव्हेत. पण ज्यांच्या व्हिसाबद्दल आपण तावातावाने बोलतो, ती मंडळी सोमवार ते शुक्रवार नेमकं काय करतात हे समजून घ्यायचं तर याच दोन बातम्यांचं बोट धरावं लागेल.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीतल्या आयसेलिनला राहतो. आयसेलिन म्हणजे वुडब्रिज टाउनशिपचा एक भाग. १९७१ मध्ये इथे मेट्रोपार्क स्टेशन झालं. आता स्टेशनाशेजारच्या वुड अव्हेन्यू साउथवर काचेच्या इमारतींची रांग आहे. आपल्या महापेच्या हेक्सावेअर या आयटी कंपनीचं अमेरिकेतलं ऑफिसही त्यातलंच. थोडं पुढे गेलं की ओक ट्री रोड: साड्या, सोनं, पाणीपुरी, पणत्या. भाऊ एका क्लायंटसाठी दुकानांच्या बिलिंगचा प्रोग्राम सांभाळतो. क्लायंटचं नाव त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

चिक्की, पणती आणि साडी

न्यू जर्सीचा विक्रीकर २०१८ पासून ६.६२५ टक्के आहे. साडीवर तो लागत नाही, कारण या राज्यात कपड्यांना सूट आहे. तांदळाच्या पोत्यावरही नाही. पण चिक्कीवर लागतो! साखर-गूळ आणि दाणे यांची वडी इथल्या कायद्याने कँडी ठरते, आणि कँडीला किराण्याची सूट नाही. मात्र पदार्थात मैदा असला की तो कँडीतून बाहेर. म्हणजे पाकीटबंद शंकरपाळे सुटले आणि लोणावळ्याची चिक्की अडकली.

आता चार डॉलरची चिक्की घ्या. कर येतो २६.५ सेंट. अर्ध्या सेंटचं नाणं नसतं. न्यू जर्सीचा नियम सांगतो की तिसरा दशांश चारपेक्षा मोठा असेल तर वरचा पूर्ण सेंट धरा, म्हणजे २७. पण जावात आकडा छापण्याची जी तयार सोय आहे, ती मुद्दाम काही सांगितलं नाही तर बँकवाल्यांच्या रिवाजाने चालते: बरोबर अर्ध्यावर अडलं की जवळच्या सम आकड्याकडे जा. २६ आणि २७ यांत सम २६, म्हणून कर २६ सेंट.

गंमत पुढे आहे. बारा डॉलरच्या पणत्या घेतल्या तर कर ७९.५ सेंट. कायदा म्हणतो ८०, आणि बँकवाल्यांचा रिवाजही ८०, कारण इथे ८० हाच सम आकडा. म्हणजे पणत्यांवर तपासलं तर प्रोग्राम निर्दोष आणि चिक्कीवर तपासलं तर एका सेंटाने चुकलेला. असा सेंट एका पावतीवर दिसत नाही, तिमाही विवरणपत्रात दिसतो. भावाच्या क्लायंटच्या हिशेबनिसाला तो तिथेच दिसला.

"यासाठी टेस्ट नव्हती का रे?" मी विचारलं.

"होती ना दादा. चिक्कीचीच होती. तीच तर गोष्ट आहे."

पाहुणी भाषा

प्रोग्रामचा एकेक लहान तुकडा सुटा काढून तपासायचा, याला युनिट टेस्ट म्हणतात. जावात ती सवय रुजवली जेयुनिटने. त्याच्या जन्माची कथा मला फार आवडते. १९९७ मध्ये केंट बेक आणि एरिक गॅमा झुरिचहून अटलांटाला एका परिषदेसाठी निघाले होते. लांबच्या त्या विमानप्रवासात दोघांनी शेजारी बसून त्याचा पहिला आराखडा लिहून काढला. जगभरच्या ऑफिसांत आज पास-नापास सांगणारी जी हिरवी-लाल पट्टी उमटते तिचं मूळ असं आकाशात आहे.

भावाची चिक्कीची टेस्ट मात्र दुसऱ्याच भाषेत होती. जावाच्या प्रकल्पात दुसरी भाषा कशाला? कारण जावा ही कोर्टातल्या कारकुनासारखी आहे: काम चोख, पण प्रत्येक अर्जावर तीन शिक्के. टेस्ट लिहिताना ते शिक्के नकोसे होतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी मूळ प्रोग्राम जावात आणि त्याच्या टेस्ट ग्रूव्ही या स्क्रिप्टिंग भाषेत, अशी विभागणी असते. जेम्स स्ट्राकन यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ग्रूव्ही जावाच्याच चुलीवर शिजते, त्यामुळे दोघींचं जमतं. पैशांच्या बाबतीत तर ती जास्त शहाणी. तिच्यात ०.०६६२५ लिहिलं तर ते तेवढंच राहतं. जावातला साधा दशांश आकडा आतून द्विमान पद्धतीने साठवला जातो, त्यामुळे तो किंचित इकडेतिकडे सरकलेला असतो.

ग्रूव्हीवर पीटर नीडरवीझर यांनी स्पॉक नावाचं टेस्टचं साधन उभं केलं. त्यात टेस्टचं नाव म्हणून चक्क पूर्ण वाक्य चालतं, तेही कुठल्याही लिपीत. भावाने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. टेस्टचं नाव होतं: "चिक्कीवर कर लागतो, साडीवर नाही". खाली पाढ्यासारखा तक्ता (आकडे मी देवनागरीत केले आहेत):

वस्तू | किंमत | कर
चिक्की | ४.०० | ०.२७
पणत्या | १२.०० | ०.८०
साडी | ९०.०० | ०.००
तांदूळ | २५.०० | ०.००

प्रत्येक ओळ म्हणजे एक तपासणी. हिशेबनिसालाही वाचता येईल असा हा कोड. ग्रूव्हीच्या बाजूने मला पटलेला सर्वांत मोठा मुद्दा हाच. टेस्ट ही प्रोग्रामरच्या खाजगी वहीत राहत नाही, ज्याला नियम माहीत आहे त्याला ती दाखवता येते.

पटावर नाव नाही

तर टेस्ट होती, नेमक्या चिक्कीची होती, बरोबर होती. मग चूक सुटली कशी? कारण ती टेस्ट चार महिन्यांत एकदाही धावलीच नव्हती.

बिल्ड म्हणजे कारखान्यातला पट्टा: एका टोकाने कच्चा कोड आत, दुसऱ्या टोकाने तयार प्रोग्राम बाहेर, मध्ये टेस्टची चौकी. भावाकडे या पट्ट्यावर मेवन हा मुकादम आहे. मुकादम रीतीचा पक्का. मूळ कोड या फोल्डरात, टेस्ट त्या फोल्डरात, सगळं नावावरून ओळखायचं. पाहुण्या भाषेतल्या टेस्ट त्याच्या चौकीतून पार करायच्या तर चार दारं ओलांडावी लागतात.

पहिलं दार भाषेचं. मेवनला स्वतःहून फक्त जावा कळते. ग्रूव्हीच्या फोल्डरासमोरून तो नुसता निघून जातो, तक्रारही करत नाही. त्यासाठी पॉम फाइलमध्ये, म्हणजे मेवनला दिलेल्या सूचनांच्या यादीत, जीमेवनप्लससारखं प्लगइन नोंदवावं लागतं. तेव्हा कुठे ग्रूव्हीच्या टेस्ट कंपाइल होतात.

दुसरं दार हजेरीचं, आणि खरी मेख इथे आहे. टेस्ट चालवण्याचं काम शुअरफायर नावाचं प्लगइन करतं. ते हजेरी घेतं ती नावावरून: नाव 'टेस्ट' या शब्दाने सुरू होत असेल, किंवा शेवटी 'टेस्ट', 'टेस्ट्स' वा 'टेस्टकेस' असेल, तर हजर. स्पॉकवाल्यांची रीत मात्र नावाच्या शेवटी 'स्पेक' लावायची. पोरं वर्गात बसली आहेत, गृहपाठ केलेला आहे, पण पटावर नाव नाही म्हणून मास्तरांनी हाक मारलीच नाही, आणि शेरा काय, तर वर्ग पूर्ण हजर.

तिसरं दार जुन्या आवृत्तीचं. स्पॉकची २०२१ सालची दुसरी पिढी जेयुनिट ५ च्या पायावर उभी आहे, आणि शुअरफायर २.२२ च्या आधीचं असेल तर त्याला तो पाया ठाऊकच नसतो. चौथं दार ग्रूव्ही आणि स्पॉक यांच्या आवृत्त्या एकमेकींना जुळण्याचं. हे चौथं बरं, ते निदान आरडाओरडा करतं. पहिली तीन गप्प बसतात.

भावाच्या प्रकल्पात जावाच्या ११२ टेस्ट रोज धावत होत्या आणि पास होत होत्या. ग्रूव्हीच्या १९ टेस्ट दुसऱ्या दाराशी ताटकळत होत्या. पडद्यावर रोज हिरवं. ११२ च का, १३१ का नाहीत, हे कुणी मोजलं नाही. दुरुस्ती किती? पॉम फाइलमध्ये 'स्पेक' या नावांनाही हाक मारा, असं सांगणाऱ्या चार ओळी.

"ही रचना आणली कुणी?" मी विचारलं.

"आमच्या आधी एक कॉन्ट्रॅक्टर होता. हुशार होता. त्याचा प्रोजेक्ट संपला, गेला. नंतर मेवनची फाइल कुणीतरी दुसऱ्या प्रोजेक्टमधून उचलून डकवली."

मला वाटतं, व्हिसाच्या चर्चेत हा भाग कुणी धरतच नाही. माणूस किती डॉलरला पडतो याचा हिशेब होतो. तो गेल्यावर त्याच्या डोक्यातलं काय जातं, याचा होत नाही. न्यू जर्सीने हे एकदा पाहिलं आहे. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा राज्यपाल फिल मर्फी यांना कोबोल ही जुनी प्रोग्रामिंग भाषा येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक घालावी लागली. यंत्रणा होती, ती जाणणारी माणसं उरली नव्हती. टेस्ट म्हणजे गेलेल्या माणसाने मागे ठेवलेली चिठ्ठी. पण ती रोज मोठ्याने वाचली गेली तरच.

पंचेचाळीस मिनिटं

एक सेंट म्हणजे क्षुल्लक, असं वाटत असेल तर इथून फार लांब नसलेल्या जर्सी सिटीतली नाइट कॅपिटल आठवा. १ ऑगस्ट २०१२ रोजी या शेअर दलाली कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला. तिथे कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला. गिऱ्हाइकांच्या २१२ ऑर्डरींपोटी सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त व्यवहार झाले आणि ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान. अमेरिकेच्या रोखे नियामकाने पुढे १.२ कोटी डॉलरचा दंड केला. त्या आदेशात एक वाक्यभराची नोंद आहे, माझ्या मते सर्वांत बोचरी: २००५ मध्ये कोडचा एक भाग जागचा हलवला गेला, आणि त्यानंतर तो जुना कोड नीट चालतो का हे पुन्हा तपासलं गेलं नाही. पडझड २०१२ ची, भेग २००५ ची.

यावर ग्रूव्ही हे औषध नाही, हेही सांगितलं पाहिजे. उलट पाहुणी भाषा आणली की न धावण्याच्या वाटा वाढतात. जावाच्या पोटात जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नॅशहॉर्न या इंजिनावर ज्यांनी आपल्या टेस्ट उभ्या केल्या, त्यांचं २०२० मध्ये काय झालं ते आठवा: जावा १५ मधून नॅशहॉर्नच काढून टाकलं गेलं. शिवाय तक्ते आणि वाक्यासारखी नावं आता जेयुनिटमध्येही मिळतात. दोन भाषा जाणणारी चार माणसं टीममध्ये कायम राहणार नसतील तर मी एकाच भाषेवर भागवीन.

अवजारं सुधारत आहेत. जुलै २०२५ मध्ये आलेल्या ग्रेडल ९ ने, म्हणजे मेवनसारख्याच दुसऱ्या मुकादमाने, नियम बदलला: टेस्टचा कोड आहे पण एकही टेस्ट सापडली नाही, तर बिल्ड नापास. मेवनमध्येही तशी कळ आहे, पण ती मूळची बंद असते, आपणच चालू करायची. तरी या दोन्ही सोयी शून्यालाच पकडतात. १३१ च्या ठिकाणी ११२ धावल्या तर त्या गप्पच. आता टेस्टही यंत्रं लिहून देतात, ढिगाने. म्हणून टेस्ट किती लिहिल्या हा प्रश्न मला शिळा वाटतो. किती धावल्या, हा खरा.

भावाने दोन गोष्टी केल्या. बिल्डच्या शेवटी एक छोटी स्क्रिप्ट टेस्ट मोजते. आकडा ठरल्यापेक्षा कमी भरला तर पट्टा बंद. आणि केंट बेक यांचा धडा त्याने टीमच्या गळी उतरवला: टेस्ट आधी लाल झालेली पाहा, मगच तिच्या हिरव्यावर विश्वास ठेवा. माझ्यासमोर त्याने चिक्कीच्या ओळीत २७ चे २८ केले आणि बिल्ड चालवलं. पडदा लाल झाला. स्पॉकने समीकरण छापून त्याच्या प्रत्येक पदाखाली त्याची किंमत मांडली: इथे ०.२७ आलं, तुम्ही ०.२८ म्हणता. बिल्ड पडल्यावर इतका खूश झालेला माणूस मी प्रथमच पाहत होतो.

संध्याकाळी ओक ट्री रोडवर दिवाळीची खरेदी झाली. पणत्या, एक साडी, चिक्कीचं चार डॉलरचं पाकीट. भाऊ मागे राहून पावतीकडे पाहत होता. चिक्कीच्या कराला काय झालं म्हणून मी त्याच्या खांद्यावरून डोकावलो. पावतीवर कराचा एकच आकडा होता, पणत्या आणि चिक्की मिळून. तो बोटांवर वजाबाकी करत होता.