परतीची वाट मोकळी असावी

उभे आयुष्य परमुलखात घालवून उतारवयात आपल्या गावी कायमचे परत यावे, ही इच्छा गोमंतकीय माणसाच्या मनातून कधीच गेलेली नाही. पूर्व आफ्रिकेत इंग्रजी अमलाखालील कचेऱ्यांत कारकुनी करणारे असोत, आगबोटींवर जन्म काढणारे तारवटी असोत, वा आखाती देशांत गेलेले नोकरदार असोत, अनेकांनी गावचे घर राखले ते याच आशेने. काहींना परतण्याची वेळ स्वतः निवडता आली नाही. 1972 साली युगांडात इदी अमीनने आशियाई रहिवाशांना 90 दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. 1990 साली इराकने कुवेत गिळंकृत केले, तेव्हा एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. त्या विस्थापितांत गोमंतकीय कुटुंबेही होती.

आज येणारा मात्र बहुधा स्वेच्छेने आणि गाठीला चार पैसे बाळगून येतो. म्हणूनच त्याच्या अडचणींकडे समाज व सरकार या दोघांचेही दुर्लक्ष होते. पैसा आहे, मग काळजी कसली, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही.

पहिली अडचण घराचीच. पोर्तुगीज अमलापासून चालत आलेल्या आणि 2012 च्या वारसाहक्क कायद्यातही कायम राहिलेल्या व्यवस्थेनुसार मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व अपत्यांचा समान हक्क मानला जातो, आणि आईबापांना आपल्या मालमत्तेचा निम्मा भागच मृत्युपत्राने स्वेच्छेनुसार देता येतो. हे तत्त्व न्यायाचे आहे व त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु इन्व्हेंटरीचे काम वेळीच उरकले नाही, तर दोन पिढ्यांत एकाच घराला वीस-पंचवीस वारस उभे राहतात. कोणी लिस्बनला, कोणी लंडनला, कोणी टोरांटोला. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव मात्र अजून आजोबांचेच! अशा स्थितीत परतलेल्याने छप्पर नव्याने घालायचे म्हटले, तरी कोणाकोणाची संमती मागावी? मालक दूर आहे हे हेरून खोट्या कागदपत्रांच्या आधारे जमिनी लाटण्याचे प्रकार तर इतके वाढले, की 2022 साली राज्य सरकारला विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग नेमावा लागला.

दुसरी अडचण नागरिकत्वाची. गोवामुक्तीपूर्वी येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला राहिला, आणि पोटापाण्यासाठी अनेकांनी तो पत्करला. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण राज्यघटनेचे नववे कलम आणि 1955 चा नागरिकत्व कायदा यांनुसार परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेणारा भारतीय नागरिक राहत नाही. 2005 साली सुरू झालेल्या ओसीआय कार्डाने येथे आजन्म राहण्याची सोय झाली, मात्र त्याने मताधिकार मिळत नाही, निवडणूक लढविता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्या गावात आपली नाळ पुरली, त्या गावच्या पंचायतीसाठीही मत देता येऊ नये, हे शल्य लहान नाही. ओसीआय कार्ड घेऊन पाच वर्षे झालेल्या आणि अर्जापूर्वी बारा महिने येथे वास्तव्य केलेल्या माणसाला पुन्हा भारतीय नागरिक म्हणून नोंदणीसाठी अर्ज करण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यासाठी परकीय नागरिकत्व सोडावे लागते. कायमचे राहावयाचे ठरले असेल, तर हा विचार आधीच व्हावयास हवा.

परंतु या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे आणि ती सहसा बोलली जात नाही. एक भाऊ परदेशी गेला तेव्हा दुसरा भाऊ किंवा बहीण घरी राहिली. त्यांनी आईबापांची आजारपणे काढली, पावसाआधी कौले परतली, घरपट्टी भरली, माडांची निगा राखली. परदेशातून पैसे येत होते हे खरे, पण अंथरुणाला खिळलेल्या आईला वेळेवर पेज भरविण्याचे काम मनीऑर्डरीने होत नसते. कायदा वाटे समान मोजतो. सेवा मोजण्याचे माप त्याच्याकडे नाही. ते माप कुटुंबानेच आपल्या विवेकाने लावले पाहिजे. परतणाऱ्याने वकिलाची पायरी चढण्यापूर्वी घर राखणाऱ्याच्या शेजारी बसावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. घरी राहिलेल्यानेही दूर गेलेल्याच्या कष्टांना केवळ चैन समजू नये.

सरकारने करावयाचे तेही स्पष्ट आहे. वारसाहक्क, जमिनीची नोंद आणि नागरिकत्व या तिन्हींविषयी परतणाऱ्यास एकाच ठिकाणी खात्रीचा सल्ला मिळेल, अशी सोय प्रत्येक तालुक्यात हवी. आज त्याला या कचेरीतून त्या कचेरीत पिटाळले जाते, आणि तेथेच दलालांचे फावते. आईबापांनीही हयातीतच कागदपत्रे नीट लावून ठेवावीत.

जहाजांची इंजिने चालविलेले, इस्पितळांत रुग्णांची शुश्रूषा केलेले, मोठ्या पेढ्यांचे हिशेब राखलेले हे लोक आहेत. गावच्या शाळेला, वाचनालयाला, एकाकी वृद्धांना त्यांच्या अनुभवाचा केवढा तरी उपयोग होईल. त्यांच्याकडे देणगीदार म्हणून न पाहता गावकरी म्हणून पाहण्याची सवय मात्र आपण लावून घेतली पाहिजे.