झाड वयात येतं कधी?

गांजाच्या खटल्यात वकील मंडळी अधूनमधून वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांसारखी बोलू लागतात. झाडाला फुलोरा आला होता का? आला होता तर शेंडे वेगळे तोलले, की देठ-पानांसकट अख्खं झुडूपच काट्यावर ठेवलं? मुंबई उच्च न्यायालयात जामिनाच्या अर्जांवर हा वाद अनेकदा झाला आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर त्यात धरत नाहीत. आणि वजन २० किलोच्या वर गेलं की जामीन फार अवघड. लागवडीला मात्र ही फट नाही. कुंडीतलं एकच रोप असो, फुललेलं असो-नसो, लावणं हाच गुन्हा. १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

फुलोऱ्यावरची ही नजर जुनीच आहे. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं, तेव्हा प्रांतातली गांजाची परवान्याची शेती निमाड जिल्ह्यातल्या खंडव्यापुरती राखलेली होती. मुंबई इलाख्यात ती मुख्यतः अहमदनगरकडे. १८९३-९४ साली सरकारने नेमलेल्या आयोगाने हिंदुस्थानभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या. मध्यप्रांतात नोकरी केलेले अँड्र्यू फ्रेझर त्याचे एक सदस्य. शेतकऱ्याची खरी कसोटी कुठे लागते, ते या आयोगाच्या अहवालात दिसतं. या जातीत नर वेगळा, मादी वेगळी. नराचा पराग उडायच्या आत तो उपटायचा. नाहीतर मादीला बी धरतं आणि माल हलका पडतो. बंगालात नौगावकडे या कामासाठी खास माणूस बोलावत. त्याला ‘परखदार’ म्हणत. आपल्या ‘पारखी’चाच हा भाऊबंद!

हा पारखी काय बघत असेल? कोवळ्या रोपाची पानं समोरासमोर, जोडीने येतात. रोप वयात आलं की जोडी मोडते. एक पान या बाजूला, दुसरं थोडं वर त्या बाजूला. मग पेराशी, पानाच्या बगलेत, बारीक खूण दिसते. दोन पांढरे केस बाहेर आले तर मादी, देठावर गोल कळी लोंबली तर नर. इतकं दिसलं म्हणजे झाड फुलायच्या लायकीचं झालं. पण लायक असणं वेगळं, भरघोस फुलणं वेगळं. त्यासाठी रात्र लांबावी लागते.

ही गोष्ट जगाला कळली, तीही याच झाडामुळे. झ्युल्येन तूर्न्वा हा फ्रेंच तरुण भांगवर्गीय रोपं आणि हॉप्सचे वेल यांवर प्रयोग करत होता. १९१२ साली आणि नंतर १९१४ साली त्याने लिहिलं, की दिवस तोकडा केला की ही रोपं लवकर फुलतात. त्याच वर्षी तो पहिल्या महायुद्धात मारला गेला. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी हाच नियम तंबाखू आणि सोयाबीनवर पक्का केला, आणि नाव त्यांचं झालं. तूर्न्वाचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला चुटपुट लागते.

सोयाबीन म्हटलं की विदर्भातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. पाऊस लांबला, पेरणी जुलै उजाडून गेल्यावर झाली, की झाड गुडघ्याएवढंही होत नाही आणि फुलून मोकळं होतं. खत कमी पडलं म्हणून नव्हे. वाढायला दिवसच उरलेले नसतात, रात्री मोठ्या होत जातात. उशिरा पेरलेली तूरही अशीच बुटकी राहते. नागपुरात जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांच्या जवळ असतो, डिसेंबरात अकराच्याही खाली उतरतो. माणसाला जाणवणारही नाही असा हा रोजचा मिनिटभराचा फरक झाड चुकवत नाही.

सगळ्यांना हा नियम लागू नाही. १९२४ साली रशियात नोंदवलेला भांगेचा एक रानटी प्रकार अंधाराची वाट बघत नाही. वय झालं की फुलतो.

घरी हे सगळं बघायची हौस असेल, तर शेवंतीची कुंडी लावा. तीही लांब रात्रीचीच. फक्त रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडेल तिथे ठेवू नका; कळ्याच धरणार नाहीत.