खांदा टेकला की नाही?

उंब्रजच्या आसपास यात्रांचा हंगाम सुरू झाला, की कुस्त्यांची मैदाने भरतात. अशाच एका मैदानात आम्ही एक वाद ऐकला. खालच्या पैलवानाचे दोन्ही खांदे एकाच वेळी मातीला टेकले की नाही? पंचांनी निकाल दिला, पण अर्धे मैदान तो मानायला तयार नव्हते. चलच्चित्राने असा वाद मिटेल काय?

कुस्तीचे चित्रण आपल्याकडे जुनेच. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी परदेशातून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. फीत धुण्यासाठी इंग्लंडला पाठवावी लागली होती!

फितीवर खरे तर हालचाल नसतेच. असतात ती स्थिर चित्रे. बोलपटात सेकंदाला २४. कॅमेऱ्याची झडप साधारणपणे निम्मा वेळ उघडी आणि निम्मा वेळ मिटलेली असते, कारण मिटलेल्या वेळात फीत एक घर पुढे सरकते. म्हणजे प्रत्येक चित्राला १/४८ सेकंद प्रकाश मिळतो. सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरणारा हात तेवढ्यात सुमारे १० सेंटिमीटर सरकतो आणि चित्रात नुसता फराटा उमटतो. शिवाय पुढचा १/४८ सेकंद कॅमेरा आंधळाच! खांदा नेमका तेव्हा टेकून उचलला गेला, तर फितीला त्याचा पत्ताच नाही.

यावर उपाय म्हणजे सेकंदाला १२० चित्रे घेऊन ती २४ च्या गतीने दाखवणे. हालचाल पाचपट संथ दिसते आणि फराटा २ सेंटिमीटरवर येतो. पण १६ मिलिमीटर फितीच्या एका फुटात ४० चित्रे बसतात. ४०० फुटांचे रीळ नेहमीच्या गतीने ११ मिनिटे चालते, ते आता सव्वादोन मिनिटांतच संपते. कुस्ती त्याहून लांबली तर? डाव कधी पडणार हे ओळखून कळ दाबणारा चित्रकार मग निम्मा पैलवानच असावा लागतो. अमेरिकेत एड सेबॉल यांनी १९६२ साली तिथल्या व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना फितीवर घेतला. पुढे त्यांच्या संस्थेने एकाच सामन्याला अनेक कॅमेरे लावून संथ चित्रणाची ख्याती मिळवली. रिळांचा तो खर्च आपल्या यात्रा कमिटीला कसा पेलावा?

दुसरी अडचण उजेडाची. चित्रे पाचपट केली, की प्रत्येकाच्या वाट्याला पाचवा हिस्सा प्रकाश येतो. आणि आपल्याकडे मोठी कुस्ती लागते ती दिवस कलल्यावर!

आज अनेक मोबाइल फोन सेकंदाला २४० चित्रे घेतात, त्यामुळे रिळाचा खर्च उरलेला नाही. उजेडाची अडचण मात्र तशीच आहे. वर्गात १ मीटर उंचीवरून चेंडू सोडून पहा. पडायला सुमारे ०.४५ सेकंद लागतो. २४ च्या गतीने ११ चित्रे मिळतील, २४० च्या गतीने १०८. मग खिडक्या लावून तोच प्रयोग पुन्हा करा.

त्या मैदानात मात्र फोनही उपयोगी पडला नसता. आमच्या बाजूने खालच्या पैलवानाचा डावा खांदा वरच्याच्या दंडाआड होता.