नदीकाठची शहरं (७) : पुराच्या रेषेवरून नाशिक

गेल्या आठवड्यात आपण पैठणला होतो. या आठवड्यात त्याच गोदावरीच्या काठाने वर, नाशिकला. इथं पायी फिरायला वाटाड्या लागत नाही आणि मंदिरांची यादीही लागत नाही. पाणी कुठवर चढतं तेवढं बघत चाला. कुठलं देऊळ किती उंचावर आहे, कुठल्या पेठेचे ओटे उंच आहेत, वाडे कुठे आहेत, ह्या सगळ्याचा हिशेब जुन्या नाशिकने पुराशी घातलेला आहे.

सुरुवात होळकर पुलावरून करा. 1895 सालचा हा दगडी पूल. जुनी माणसं अजून त्याला व्हिक्टोरिया पूल म्हणतात. पूर्वेकडे निघालेली गोदावरी इथं दक्षिणेकडे वळते, आणि वळणावरच्या पाण्याला तीर्थाचं महत्त्व आलं. पुलाच्या गावाकडच्या टोकाला सुंदरनारायणाचं मंदिर आहे. 1756 साली गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते बांधलं. त्याच्या कमानी आणि घुमट पाहताना मुसलमानी बांधणीची छाप लगेच ओळखू येते. विष्णूच्या देवळाला तिचं वावडं नव्हतं. देऊळ काठावर असलं तरी घाटापासून चांगलं उंच आहे, हे पुलावरून नीट दिसतं.

पूल ओलांडून पंचवटीच्या बाजूने रामकुंडाकडे उतरा. इथं दशक्रियेचे विधी, अस्थिविसर्जन, स्नान, फुलं-प्रसादाची दुकानं हे सगळं एकाच वेळी चाललेलं असतं. पायऱ्या चढून वर गेलात की कपालेश्वर. महादेवासमोर नंदी नसलेलं हे देऊळ; नंदीला महादेवाने गुरू मानलं म्हणून तो समोर बसत नाही, अशी कथा सांगतात.

पात्रातला दुतोंड्या मारुती मात्र सावकाश पाहा. दोन्ही बाजूंना तोंड असलेली ही भलीमोठी मूर्ती म्हणजे नाशिककरांचं पूरमापक. पावसाळ्यात धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते बातम्यांत येतं, पण गावात विचारतात ते एवढंच, की पाणी मारुतीच्या कुठे आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. त्यावरून कुठल्या गल्लीत पाणी शिरणार याचा अंदाज बांधला जातो. सरकारी आकड्यापेक्षा हे माप लोकांना जवळचं वाटतं आणि ते योग्यच आहे, कारण ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं.

जवळच नारोशंकराचं मंदिर, खरं नाव रामेश्वर. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते 1747 साली बांधलं. त्याच्या दर्शनी भागावरची मोठी घंटा वसईची. चिमाजीअप्पांनी 1739 साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ही खूण. चर्चमधली घंटा शिवाच्या देवळावर आली, आणि महापुराचं माप म्हणूनही नाशिककर तिच्याकडेच बघू लागले. पाणी घंटेपर्यंत पोचलं म्हटलं की जुन्या माणसांना पुढचं सांगावं लागत नाही.

आता काळारामाकडे चढा. काळ्या दगडातलं हे देखणं देऊळ सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधवलं. पण इथं केवळ शिल्प पाहून परतणं मला अपुरं वाटतं. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथं मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे खंदे कार्यकर्ते. हजारो माणसं मिरवणुकीने आली तेव्हा देवळाचे दरवाजे बंद होते. मग दरवाजांसमोर बैठा सत्याग्रह झाला. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक आणि मारहाण झाली. लढा काही वर्षं चालला, तरी दारं उघडली नाहीत. याच जिल्ह्यातल्या येवल्यात ऑक्टोबर 1935 मध्ये बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. काळारामाच्या दारात उभं राहून हे आठवायलाच हवं.

गाडगे महाराज पुलावरून परत गावात या. भांडी बाजारात तांब्या-पितळेची घागर, हंडा, परात, समई. आत तांबट आळी. नाशिकची भांडी पूर्वी दूरवर जात. स्टीलने धंदा खाल्ला, तरी लग्नाच्या रुखवतासाठी आणि पूजेच्या उपकरणांसाठी माणसं अजून इथंच येतात. पुढे सराफ बाजार. सोन्याचांदीची पेठ नदीला इतकी लागून कशी, असा प्रश्न पडतो. यात्रेकरू घाटावरून थेट वर येत, गिऱ्हाईक इथंच होतं. पुराचा धोका पत्करूनही पेठ हलली नाही. 2008 आणि 2016 साली या भागात पाणी शिरलं. दोष एकट्या गोदावरीचा नाही. गावातून येणारी सरस्वती आता नाला होऊन रस्त्यांखालून वाहते. दहीपूल हा तिच्यावरचाच पूल, पण वरून चालताना तो पूल वाटतच नाही. जोराचा पाऊस झाला की ते झाकलेलं पाणी बाजारातच वर येतं. पात्रातली जुनी कुंडंही मध्यंतरी काँक्रीटखाली गाडली गेली. काही ठिकाणी ते काँक्रीट काढलं गेलं, उरलेलंही निघायला हवं.

सराफ बाजारातच पेशवेकालीन सरकारवाडा आहे. त्याचं उंच दगडी जोतं आणि आतले लाकडी खांब पाहा. मग चढ धरा. जुनं नाशिक नऊ टेकांवर वसलं असं म्हणतात आणि पाय दुखायला लागले की ते पटतं. त्यातली जुनी गढी, म्हणजेच काझीची गढी, मातीचा उंच ढिगारा आहे. 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकला उत्खनन केलं. इथली वस्ती इसवी सनाच्या आधीची असल्याचं त्यातून पुढे आलं. पुरापासून वर राहण्यासाठी माणसं इतक्या जुन्या काळापासून याच उंचीवर राहत आली आहेत. आज तीच गढी दर पावसाळ्यात नदीच्या बाजूने ढासळते आणि कडेच्या घरांना नोटिसा लागतात.

शक्यतो बुधवारी जा. त्या दिवशी गोदाकाठी आठवडे बाजार भरतो. सकाळी लवकर निघालात तर दुपारपर्यंत फेरी होते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं असेल, तर घाटावर उतरू नका, पुलावरूनच बघा. गढीवर कडेला जाऊ नका. तिथं लोकांची घरं आहेत.