कायद्याच्या राज्यात (लेखांक ७) : पोलिसांची रायफल आणि गोळीचा हिशेब

मागच्या लेखांकात आपण शस्त्रपरवाना कसा मिळतो ते पाहिलं. तिकोणा पेठेतल्या एखाद्या शेतकऱ्याला भाताच्या राखणीसाठी बंदूक हवी असेल, तर १९५९ चा शस्त्र कायदा त्याच्यासाठी वाट ठेवतो. पण ती मुख्यतः ठासणीच्या बंदुकीची. अर्ज, पोलीस पडताळणी, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या हे सगळं पार पाडून परवाना मिळाला, तरी निवडणूक आली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला, तर सार्वजनिक जागी बंदूक, तलवार, भालाच काय, लाठी नेण्यावरही बंदी येते. पुणे-मुंबईसारख्या शहरांत सामान्य माणसाच्या हाती बंदूक जवळजवळ दिसतच नाही, त्याचं कारण हेच.

या बंदोबस्ताचं मूळ १८७८ च्या कायद्यात आहे. १८५७ चा धसका घेतलेल्या इंग्रज सरकारने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा ठरवलं आणि युरोपियनांना मात्र सूट दिली. स्वातंत्र्यानंतर तो भेदभाव गेला, पण परवान्याचं बंधन राहिलं. ते राहिलं हे योग्यच झालं. घराघरांत बंदूक असलेल्या देशांत शाळकरी पोरांना काय भोगावं लागतं, हे आपण पाहतो आहोत. मात्र नागरिकाच्या हातून शस्त्र काढून घेताना राज्याने दोन जबाबदाऱ्या पत्करल्या. एक, त्याच्यावर शस्त्र चाललं तर त्याला वाचवण्याची. दुसरी, राज्याचं स्वतःचं शस्त्र त्याच्यावर चाललं, तर त्या प्रत्येक गोळीचा हिशेब देण्याची. शहरातल्या पोलिसांच्या हाती रायफल द्यावी का, या प्रश्नाचं उत्तर या दोन्ही जबाबदाऱ्या एकत्र धरूनच शोधावं लागतं.

पहिल्या जबाबदारीत आपण कुठे कमी पडलो, ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दिसलं. दोन हल्लेखोरांच्या हाती एके-४७ होत्या आणि समोरच्या बहुतेक पोलिसांकडे लाठ्या. काहींजवळ .३०३ रायफल होती. ही रायफल लांबवर अचूक मारा करते, पण तिच्या मॅगझिनमध्ये १० गोळ्या मावतात आणि प्रत्येक गोळी झाडल्यावर हाताने बोल्ट मागे ओढून पुन्हा पुढे ढकलावा लागतो. समोरच्याच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या असतात आणि चाप दाबून ठेवला तर त्या काही सेकंदांत सुटतात. त्यात सराव नसेल, तर हातात रायफल असूनही शिपाई हतबल होतो. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी त्या दोघांपैकी एक असलेल्या कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलल्या. त्यांना अशोकचक्र मिळालं, ते यथोचितच. पण असा पराक्रम करायची वेळ एखाद्या सहायक उपनिरीक्षकावर लाठीनिशी येते, ही त्याला तसं पाठवणाऱ्या व्यवस्थेची चूक आहे.

त्यानंतर या हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या प्रधान समितीने शस्त्रं, दारूगोळा आणि सराव यांतल्या उणिवांवर बोट ठेवलं. फोर्स वन हे कमांडो दल उभं राहिलं, शहरांत शीघ्र कृती दलं आली. लंडनचा अनुभवही अशाच पथकांच्या बाजूने बोलतो. तिथले बहुसंख्य पोलीस आजही बंदुकीशिवाय गस्त घालतात. पण ३ जून २०१७ ला लंडन ब्रिजवर हल्ला झाला, तेव्हा पहिला फोन आल्यापासून ८ मिनिटांत सशस्त्र पथकाने तिन्ही हल्लेखोरांना टिपलं. प्रत्येक पोलिसाच्या खांद्यावर रायफल नसली, तरी मोजक्या, तरबेज हातांत ती असली आणि ते हात काही मिनिटांत पोचले, तर शहर वाचतं.

आता दुसरी जबाबदारी. ती समजून घ्यायला मावळाबाहेर जायची गरज नाही. तिकोणा गडाच्या माचीवरून ज्या पवना धरणाचं पाणी दिसतं, ते बंद जलवाहिनीतून थेट पिंपरी-चिंचवडला नेण्याची योजना आली. नदीतून वाहत जाणारं पाणी नळात कोंडलं, तर काठच्या शेतीचं काय, आणि ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचं काय, असे शेतकऱ्यांचे सवाल होते. ९ ऑगस्ट २०११ ला, क्रांतिदिनी, बऊर गावाजवळ आंदोलकांनी द्रुतगती महामार्ग अडवला. दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला आणि मग गोळ्या सुटल्या. एक महिला आणि दोन पुरुष असे तीन आंदोलक ठार झाले.

जमावासमोर रायफल म्हणजे काय, हे इंग्रजांनाही कळत होतं. त्यांच्या काळात .३०३ च्याच बनावटीवर इशापूरच्या कारखान्यात पोलिसांसाठी .४१० ची मस्केट तयार होई. तिची नळी आतून गुळगुळीत असे, पल्ला कमी, आणि एका वेळी एकच गोळी भरता येई. त्यामागे रयतेची कणव नव्हती; शस्त्र उलटलं तर काय, ही भीती होती. तरी युद्धाचं हत्यार आणि बंदोबस्ताचं हत्यार वेगळं असतं, हे भान त्यात होतं. रायफलीची गोळी पुढच्या माणसाच्या आरपार जाऊन मागच्यालाही लागते. दगड मारणारा आणि त्याच्यापलीकडे नुसता उभा असलेला यांच्यात ती फरक करत नाही.

कायदा काय म्हणतो? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ नुसार (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १२९) बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम द्यायचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला आहे. तो हजर नसेल, तर किमान उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला. आधी इशारा, मग अश्रुधूर, लाठी आणि अगदी शेवटी गोळीबार. तोही नेम खाली ठेवून, मोजका, आणि जमाव हटू लागताच थांबवायचा. किती राऊंड दिले, किती झाडले, किती पुंगळ्या परत आल्या, याची नोंद करावीच लागते. पण याच संहितेचं कलम १५१ असंही सांगतं की, जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय खटला भरता येत नाही. म्हणजे पुंगळ्यांचा हिशेब नोंदवहीत राहतो आणि माणसांचा हिशेब चौकशी आयोगावर जाऊन ठेपतो.

मावळसाठी निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा आयोग नेमला गेला. असे गोळीबार महाराष्ट्राला नवे नव्हते. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर गोळ्या चालल्या. तिथे आज हुतात्मा चौक आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण मरण पावले, आणि गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली ती २००९ मध्ये. न्याय मिळायला १२ वर्षं लागतात, तेव्हा पुढच्या बंदोबस्तावर निघालेल्या शिपायाला त्यातून काहीच शिकायला मिळत नाही.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. शहरांतल्या सशस्त्र पथकांना उत्तम रायफली, पुरेशा गोळ्या आणि नियमित सराव द्या; त्यात काटकसर नको. पण मोर्चा, रास्ता रोको, धरणं अशा बंदोबस्तावर ढाल, लाठी आणि अश्रुधुराच्या पुढचं हत्यार पहिल्या फळीत नको. रायफल लागलीच, तर ती मागे, ठरावीक अधिकाऱ्याच्या ताब्यात असावी. खंडाळ्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात आणि राज्यातल्या प्रत्येक केंद्रात नेमबाजीइतकाच वेळ जमाव हाताळायला शिकवण्यात जावा.

हा विषय मावळात इतिहासजमा झालेला नाही. गोळीबारानंतर जलवाहिनीच्या कामावर आलेली स्थगिती सरकारने २०२३ मध्ये उठवली आणि गावागावांत पुन्हा विरोध सुरू झाला. चौकशी आयोग कायदा, १९५२ नुसार आयोगाचा अहवाल, त्यावर काय कारवाई केली याच्या निवेदनासह, तो सरकारला मिळाल्यापासून सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. आपल्या आमदाराला ही तरतूद दाखवा आणि गोळीबाराच्या प्रत्येक अहवालावर काय कारवाई झाली, ते लेखी मागा. बंदूक आपण राज्याच्या स्वाधीन केली आहे. तिचा हिशेब मागायचा हक्क केलेला नाही.

(पुढील लेखांकात : चौकशी आयोग नेमतात कसे आणि त्यांच्या शिफारशींचं वजन किती?)