सरकारी नकाशा कोणी काढायचा? परवान्याचा वाद समजून घेऊया

भूगोलाच्या तासाला आपण नकाशा वाचायला शिकतो. पण सरकारदरबारी चालणारा नकाशा काढायचा कोणी? आज हेच पाहू.

समजा, ट्रॉम्बे कोळीवाड्यात दोन घरांमध्ये हातभर बोळ आहे. एकानं भिंत पुढे घेतली, दुसरा म्हणतो, "ही माझी हद्द." मोबाईलवर उपग्रहाचं चित्र उघडलं तर छप्पर दिसेल, हद्द नाही दिसणार. हद्द कागदावर असते, आणि त्या कागदामागे अधिकारी लागतो.

कोणाचं काम कोणतं?

१) भूकरमापक : हा भूमी अभिलेख खात्याचा माणूस. जमिनीची मोजणी तो करतो. शहरात हे काम नगर भूमापन कार्यालयाकडे असतं. आपली मिळकत पत्रिका आणि सीटीएस नंबर तिथलाच.

२) लायसन्स्ड सर्व्हेअर : याला परवाना महापालिका देते, १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याखाली. तो बांधकामाचे आराखडे सादर करतो. नावात 'सर्व्हेअर' असलं तरी शेजाऱ्याशी असलेला हद्दीचा वाद त्याच्या सहीनं मिटत नाही. इथेच बऱ्याच जणांची गफलत होते.

३) आर्किटेक्ट : याची नोंदणी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानं होते. नोंदणी नसलेल्यानं आराखडा काढला तर? २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, हा कायदा 'आर्किटेक्ट' हे नाव राखून ठेवतो, ते काम नव्हे.

मग वाद कशाचा?

१५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारनं नवे नियम आणले. भारतीय कंपन्यांना नकाशे बनवायला आधी परवानगी घ्यायची गरज उरली नाही. म्हणजे नकाशा काढणं मोकळं झालं. पण हद्दीचा नकाशा प्रमाणित करणं मोकळं झालं का? नाही.

महाराष्ट्रात मोजणीसाठी लोकांना महिनोन् महिने थांबावं लागतं. म्हणून २०२५ मध्ये राज्य सरकारनं खासगी परवानाधारक भूमापक नेमायचं ठरवलं. मोजणी त्यांनी करायची, तपासून प्रमाणित मात्र खात्याच्या अधिकाऱ्यानं करायचं. कर्नाटकात परवानाधारक भूमापक आधीपासून आहेत. याच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, काम लवकर होईल. शंका घेणारे विचारतात, पैसे देणारा शेजारीच असेल तर भूमापक निःपक्ष राहील का?

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही बरं का! अमेरिकेत नकाशा कंपन्यांची आणि अभियंत्यांची संघटना कोर्टात गेली. केंद्र सरकारची नकाशाची कामं अभियंते-सर्वेक्षकांसाठीच्या खास पद्धतीनं द्यावीत, अशी त्यांची मागणी होती. भूगोलाचे अभ्यासक घाबरले, आपलं कामच जाईल म्हणून! २००७ मध्ये कोर्टानं दावा फेटाळला. तुमचं नुकसान झाल्याचं तुम्ही दाखवलं नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

लक्षात काय ठेवायचं?

नकाशा काढायचं कौशल्य कोणाकडेही असू शकतं. परवाना विचारतो तो प्रश्न वेगळा आहे : नकाशा चुकला तर जबाब कोण देणार? पाण्याची पाइपलाइन दाखवणाऱ्या नकाशासाठी आणि भिंत पाडायला लावणाऱ्या नकाशासाठी एकच नियम नको. म्हणून घरी कोणी मोजणीचा कागद आणला, तर आधी खालची सही आणि शिक्का पाहा. ही सही हद्दीसाठी चालते का, हे नगर भूमापन कार्यालयात विचारा, आणि मगच पैसे मोजा.