पडद्यावरच्या यंत्रमानवाला आज्ञा देताना

जळगावी या विषयावर आम्ही प्रथम बोललो, तेव्हा व्याख्यान संपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला मंडपाच्या दारातच गाठले. म्हणाले, "काहो, तुमचा यंत्रमानव खरा नाही, त्याचे शेत खरे नाही, त्याने उचललेला केळीचा घडही खरा नाही. मग हे पलंगावर पालथे पडून पोहायला शिकण्यासारखेच झाले की नाही?" प्रश्न खोचक होता, पण रास्त होता. त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले ते आमचे आम्हांलाच पटले नाही. म्हणून हा विषय येथे पुन्हा, जरा सावकाशीने मांडत आहोत.

'रोबो' हा शब्द जगाला दिला कारेल चापेक या चेक नाटककाराने, १९२० सालच्या आपल्या 'आर. यू. आर.' या नाटकातून. शब्द सुचला त्याच्या भावाला, योसेफला. आणि त्याचे मूळ 'रोबोटा', म्हणजे आपल्याकडची वेठ. वेठीला धरलेला गडी सांगितलेले काम निमूट करतो. यंत्रमानव त्याच्याही पुढे जातो. तो सांगितलेले तेवढेच करतो. घरच्या माणसाला "जरा दुधाकडे बघ" म्हटले, की दूध वर येताच तो गॅस बंद करतो. यंत्रमानव दुधाकडे बघत राहील. दोष त्याचा नव्हे, आपल्या वाक्याचा. संगणकाला कामाच्या आज्ञा क्रमाने लिहून देणे, म्हणजे आज्ञावली किंवा प्रोग्रॅम रचणे, ही विद्या मुळात इथून सुरू होते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना रिचर्ड पॅटिस यांनी ही विद्या नवख्यांना शिकविण्यासाठी एक यंत्रमानव कल्पिला, आणि चापेकच्या स्मरणार्थ त्याचे नाव 'कारेल' ठेवले. १९८१ साली त्यांचे त्यावरील पुस्तक निघाले. हा कारेल फक्त संगणकाच्या पडद्यावर राहतो. त्याच्या गावात उभ्याआडव्या सरळ गल्ल्या, गल्ल्यांना क्रमांक, मध्येच कोठे भिंती आणि चौकांत ठेवलेल्या काही वस्तू. धुळेकर श्रोत्यांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्ज यांच्या वेळी धुळ्याची नवी पेठ वसली, ती सरळ रेषेत. आणि आजही तेथे पत्ता सांगायचा तर गल्लीचा नंबर सांगावा लागतो. कारेलला धुळ्यात सोडले तर तो बुजणार नाही.

त्याला उपजत आज्ञा कळतात त्या पाच: पुढे चल, डावीकडे वळ, वस्तू उचल, वस्तू ठेव, बंद हो. उजवीकडे वळणे त्याला येत नाही! पॅटिस यांनी ही उणीव मुद्दाम ठेवली, आणि आमच्या मते सगळ्या रचनेतले मर्म तेच आहे. सुट्टीत आम्ही काही मुलांना हा खेळ शिकवीत होतो, तेव्हा पहिली दहा मिनिटे सर्वांचा एकच धोशा: "सर, उजवीकडची आज्ञाच नाही." मग एक मुलगी उठून स्वतःभोवती डावीकडे तीनदा वळली आणि हसून खाली बसली. तीन वेळा डावीकडे म्हणजे एकदा उजवीकडे. आता या तीन आज्ञांच्या जुडीला 'उजवीकडे वळ' असे नाव देऊन ठेवले, की ती कारेलची सहावी आज्ञा झाली. पुढे तीन वळणांचा विचार करण्याचे कारण उरत नाही. लहान कामांची जुडी बांधायची, तिला नाव द्यायचे आणि त्या नावावर आणखी मोठे काम उभारायचे. मोठमोठ्या आज्ञावल्या रचणारे याहून वेगळे काही करीत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही केळीची ओळ घेतली. दहा झाडे, प्रत्येकाशी एक घड ठेवलेला, ओळीच्या टोकाला भिंत. कारेल पहिल्या झाडापाशी उभा. त्याला अंक मोजता येत नाहीत, पण समोर भिंत आहे की वाट मोकळी, एवढे तो पाहू शकतो. म्हणून मुलांनी लिहिले: समोर वाट मोकळी आहे तोवर घड उचल आणि पुढे चल. वाचावयास निर्दोष वाक्य. कारेल निघाला, नऊ घड गोळा केले, दहाव्या झाडापाशी आला आणि थांबला. घड तसाच! समोर भिंत आली, अट संपली, म्हणून उचलणेही संपले. मुलांनी लगेच क्रम उलटा केला: आधी पुढे चल, मग उचल. आता शेवटचा घड मिळाला, पण पहिला मागे राहिला. वर्गात बराच गलका झाला. शेवटी यावल तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, "आमच्या कुंपणाला दहा खांब लागले, तर तारेचे गाळे नऊच होतात." झाले! उचलणे दहा वेळा, चालणे नऊ वेळा. दोन्ही एकाच फेऱ्यात बांधली, तर एकाची गणती चुकणारच. फेरा संपल्यावर एकदा आणखी 'उचल' लिहावयाचे, एवढाच उपाय. ही चूक मुरलेल्या संगणकतज्ज्ञांच्याही हातून होते, आणि जाणकारांत ती कुंपणाच्या खांबांच्या नावानेच ओळखली जाते, हे त्या मुलाला आम्ही नंतर सांगितले.

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या पलंगाकडे येऊ. पलंग कोणाला बुडवीत नाही. म्हणून तेथे हात कसेही मारले तरी चालतात. कारेलची गोष्ट तशी नाही. आज्ञा चुकली तर तो भिंतीवर जातो आणि तेथेच बंद पडतो. त्याची भिंत खोटी असली तरी विद्यार्थ्याची आज्ञावली खरी आहे, आणि तिची चूकही खरी. शिवाय पडद्यावर ती चूक पुन्हा पुन्हा, अगदी तशीच घडविता येते. खऱ्या यंत्राची बॅटरी उतरते, चाक घसरते. मग यंत्र बिघडले की आपले वाक्य, हे नवख्याला उमगत नाही, आणि तो अर्थातच यंत्राला दोष देऊन मोकळा होतो. पडद्यावर ती पळवाट नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या भागात तीच मोठी. शाळेने मोठ्या हौसेने एखादा खरा यंत्रमानव आणला, तर चाळीस मुलांत तो एक असतो. एकाने चालवायचा, एकोणचाळीसांनी पाहायचा. आणि तो मोडेल या धास्तीने गुरुजी त्यालाही मोकळेपणी चालवू देत नाहीत. वर्षातले बरेच दिवस तो कपाटात कुलपात असतो. ज्याला शंभरदा चुकण्याची मुभा हवी, त्याला एकदाही चुकू न देण्याची ही व्यवस्था. पडद्यावरचा यंत्रमानव प्रत्येकाला एकेक देता येतो, आणि भिंतीवर कितीही आपटला तरी त्याचा पोचा काढावा लागत नाही.

हे केवळ मुलांच्या खेळापुरते आहे असेही नव्हे. पवईच्या आय. आय. टी. मध्ये प्राध्यापक कवी आर्य यांच्या मार्गदर्शनाखाली 'ई-यंत्र' हा उपक्रम चालतो. त्याच्या स्पर्धेत देशभरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी यंत्रमानव घडवितात आणि चालवितात. २०२० साली करोनाच्या साथीने प्रयोगशाळांना कुलुपे लागली, तेव्हा स्पर्धेतले बरेच काम पडद्यावर आले. त्यातील 'वर्गी बॉट्स' या विषयात गोदामातील सरकत्या पट्ट्यावरून येणारी खोकी यांत्रिक हातांनी उचलून रंगावरून निरनिराळी लावायची होती. गोदाम, पट्टा आणि हात ही सारी 'गझीबो' नावाच्या प्रणालीत वसलेली. ही प्रणाली विनामूल्य मिळते. मात्र तिला बऱ्यापैकी दणकट संगणक लागतो, हे सांगितले पाहिजे. कारेलला तसले काही लागत नाही, साधा जुना संगणकही पुरतो.

भाषेची अडचणही पुष्कळ जण काढतात. ती खरी आहे, पण वाटते तेवढी नाही. 'पायथन' या आज प्रचलित असलेल्या संगणकभाषेत 'जर', 'तोवर' या अर्थाचे मूळ शब्द इंग्रजीच राहतात. परंतु आपण बांधलेल्या जुडीला देवनागरीत नाव देता येते. आमच्या वर्गात एकाने कारेलला थांबविण्याच्या जुडीचे नाव 'थांब_भो' असे ठेवले होते, आणि संगणकाने ते निमूट मान्य केले.

तरी पलंगाचा आक्षेप अगदीच निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पडद्यावरची जमीन फार शहाणी असते. तिच्यात आपण जेवढे घातले तेवढेच असते. 'पुढे चल' म्हटले की कारेल बरोबर एक घर पुढे जातो. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पाऊस पडून गेल्यावर चाकाचे गाडे एक फूट पुढे जाईल, की जागच्या जागी चिखल उडवीत बसेल, हे कोण सांगणार? म्हणून गझीबोसारख्या प्रणालींत वजन, घर्षण यांचा हिशेब ठेवतात, आणि यंत्राच्या डोळ्याला दिसणाऱ्या आकड्यांत मुद्दाम थोडी चूक मिसळतात, म्हणजे विद्यार्थ्याला संशयाची सवय लागते. तरीही पडद्यावर चाललेले सारे जसेच्या तसे शेतात चालेल असे नाही. शेवटचा धडा शेतातच घ्यावा लागेल. फक्त तो घेणाऱ्याला तोवर आपल्या आज्ञेतली चूक आणि चाकाखालचा चिखल यांतला फरक कळू लागलेला असतो, एवढे त्या गृहस्थांना आम्हांला सांगावयाचे होते.

ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनीही अडून बसू नये. अंगणात खडूने आठ बाय आठ घरे आखावी, काही घरांत चिंचोके ठेवावे, दोन-तीन रेघा जाड करून त्यांना भिंती म्हणावे. एकाने कारेल व्हावे, दुसऱ्याने आज्ञा कागदावर लिहून तो कागद त्याच्या हाती द्यावा आणि नंतर तोंडातून अक्षर काढू नये. कारेल झालेल्याने कागदावर आहे तेच करावे. समजूतदारपणा दाखवून मदत करू नये. आजोबांनी कारेल व्हायला हरकत नाही, पण त्यांना उजवीकडे वळू देऊ नये.